परदेशी संशोधनाचा अर्ज हे याचनापत्र नव्हे

नवदीक्षित बौद्ध कुटुंबांतील आईबापांपुढे अलीकडे एक नवाच प्रश्न येऊन उभा राहत आहे. विज्ञान महाविद्यालयाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी घरी येऊन सांगते की, येत्या उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मनीत, जपानात अथवा कॅनडात एखाद्या प्रयोगशाळेत काम शिकण्याची सोय आहे आणि तिच्यासाठी अर्ज करावयाचा आहे. ज्यास आज सर्वत्र इंटर्नशिप म्हणतात, ती ही संशोधनाची उमेदवारी होय. तिने पदवी मिळत नाही व नोकरीही लागत नाही. जाणत्या संशोधकाच्या हाताखाली राहून, संशोधन कसे होते हे डोळ्यांनी पाहून व हातांनी करून शिकण्याची ती पहिली पायरी आहे. घरात यापूर्वी ही पायरी कोणी चढलेले नसते. म्हणून बाप विचारतो, "पैसे किती लागतील?" आई विचारते, "एकटी कशी राहशील?" आणि शेजारी सांगून जातो, "ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे." पहिले दोन प्रश्न रास्त आहेत व त्यांस उत्तरे आहेत. शेजाऱ्याचे वाक्य मात्र जुन्या गुलामगिरीचा अवशेष आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख त्याच्याकडेच आहे.

धारणीचे उदाहरण घ्यावे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या रांगांत वसलेले हे मेळघाटातील तालुक्याचे गाव. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर सुमारे दीडशे किलोमीटरचा, बराचसा घाटाचा रस्ता. भोवती कोरकू बांधवांच्या वस्त्या आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली आपली बौद्ध घरे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. तेव्हापासून येथील वाघांवर, जंगलावर आणि येथील बालकांच्या कुपोषणावर बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी विपुल लिहिले. या भूमीवर संशोधन पुष्कळ झाले; परंतु या भूमीतून संशोधक किती निघाले? ज्यांच्याविषयी अहवाल लिहिले जातात, त्यांनी अहवाल लिहिणारे व्हावयाचे की नाही? धारणीच्या मुलीचा परदेशी प्रयोगशाळेस जाणारा अर्ज हा या प्रश्नाशी जोडलेला आहे, आणि म्हणून तो केवळ तिच्या घरचा खाजगी विषय राहत नाही.

आपल्या समाजाचा अर्जाशी संबंध फार जुना आहे, पण तो दुःखद आहे. पाटलाकडे, सावकाराकडे, मामलेदाराकडे आपल्या वाडवडिलांनी जे अर्ज केले, ते सर्व कृपेसाठी होते. "माझी परिस्थिती अत्यंत गरिबीची असून साहेबांनी मेहेरबानी करावी" हा त्यांचा साचा. आज आपली मुले विद्यापीठात शिकत असली, तरी परदेशी प्राध्यापकास पत्र लिहावयास बसली की हाच साचा त्यांच्या लेखणीतून उतरतो, फक्त भाषा इंग्रजी होते. पहिल्या दहा ओळींत गरिबी, पुढल्या दहा ओळींत प्राध्यापकाची स्तुती, आणि अखेरीस "कृपया एक संधी द्यावी." यात विद्यार्थ्यास काय येते व त्यास काय शोधावयाचे आहे, याचा पत्ता नसतो. वाचणाऱ्या प्राध्यापकास दया येत असेलही, पण दया येऊन कोणी प्रयोगशाळेत जागा देत नाही. त्यास आपल्या कामास उपयोगी पडेल असा हुशार, प्रामाणिक व चिकाटीचा सहकारी हवा असतो.

या बाबतीत बाबासाहेबांच्या चरित्राकडे पुन्हा एकदा, पण निराळ्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. ते परदेशी शिकले हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. ते तेथवर कोणत्या कागदांच्या आधारे पोहोचले, हे मात्र आपण क्वचितच पाहतो. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची; आणि तिच्यासाठी त्यांनी ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, ही त्या करारातील अट होती. म्हणजे तो व्यवहार भिक्षेचा नव्हता. दोन्ही बाजूंना हक्क व कर्तव्ये देणारा तो करार होता. १९१५ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधात आपल्या दुःखाची कैफियत मांडून ते थांबले नाहीत. जात ही संस्था कशी निर्माण होते व कशी पसरते, याचा सिद्धांत त्यांनी मांडला. स्वतःच्या अनुभवातून प्रश्न घ्यावा आणि त्याचे उत्तर शास्त्राच्या शिस्तीत शोधावे, हा संशोधनाचा पहिला धडा त्यात आहे.

पुढे १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली व लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तेव्हा त्यांनी निराश होऊन कागद फाडले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या पगारातून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. मुदत, परवानगी, शिफारस आणि निधी या चार गोष्टींची त्यांनी जी काटेकोर तजवीज केली, तिच्यावाचून त्यांची बुद्धिमत्तादेखील पराभूत झाली असती. आपल्या मुलांना बुद्धीची उणीव नाही. उणीव आहे ती या तजविजीची.

पुढे सत्तेच्या जागी गेल्यावरही बाबासाहेब हा विषय विसरले नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचा जो खलिता सादर केला, त्यात विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी देशात दरसाल दोन लाख रुपयांची आणि परदेशी शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपयांची तरतूद मागितली होती. महायुद्ध ऐन भरात असताना केलेली ही मागणी होती. केवळ कारकून व शिपाई होऊन समाज वर येणार नाही, विज्ञानाच्या उच्च शिक्षणात आपली माणसे पोहोचली पाहिजेत, ही दृष्टी त्या मागणीत आहे. तेव्हा आज एखादी मुलगी प्रयोगशाळेचा ध्यास घेते, तेव्हा ती काही परकी वाट धरीत नाही. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी तिच्यासाठी मागितलेल्या वाटेनेच ती निघालेली असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अर्ज लिहावा कसा? न्यायालयात आम्ही वादपत्र दाखल करतो. त्याची अंगे ठरलेली असतात: कोणत्या न्यायालयाची अधिकारिता आहे, वादाचे कारण काय, पुरावा कोणता, साक्षीदार कोण, मागणी काय, आणि दावा मुदतीत आहे की नाही. परदेशी संशोधनाचा अर्जही याच सहा अंगांनी तपासावा, असे माझे मत आहे.

पहिले अंग अधिकारितेचे. ज्या न्यायालयास अधिकार नाही तेथे दावा लावला तर तो परत येतो. त्याचप्रमाणे प्रत्येक योजनेचे पात्रतेचे नियम निरनिराळे असतात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, जी 'डाड' या नावाने ओळखली जाते, तिची भारतीय विद्यार्थ्यांसाठी 'वाइज' ही योजना विज्ञान व अभियांत्रिकीपुरती आहे, आणि तीत यजमान प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र विद्यार्थ्याने स्वतः मिळवावे लागते. कॅनडाची 'मायटॅक्स ग्लोबलिंक' ही योजना बारा आठवड्यांची असून तीत उपलब्ध प्रकल्पांच्या यादीतून निवड करावयाची असते. जपानमधील ओकिनावा विज्ञान व तंत्रज्ञान संस्था उमेदवारास राहण्याची सोय, भत्ता व जाण्यायेण्याचे भाडे देते. काही योजना ठरावीक संस्थांच्या अथवा ठरावीक वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरत्याच असतात. म्हणून अर्जाचा नमुना हाती घेण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम संस्थेच्या अधिकृत स्थळावर मुळातून वाचावेत. मित्राने सांगितले यावर विसंबू नये. आणि परदेशापूर्वी देशातील पायरी चढावी हे उत्तम. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादम्यांसह दरवर्षी उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देते, आणि तीत देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी निवडले जातात. एक उन्हाळा असा काढलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जास परदेशात निराळेच वजन येते.

दुसरे अंग वादाच्या कारणाचे, म्हणजे संशोधनाच्या प्रश्नाचे. "मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य हजारो अर्जांत असते व त्याने काहीच सिद्ध होत नाही. आपल्या मुलांजवळ याहून मोलाचे काही आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याचे पाणी पिऊन पिढ्या गेल्या. धारणीहून घाट उतरून सपाटीवरील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने डोंगरातील गोड झरा आणि पट्ट्यातील खारी विहीर दोन्ही चाखलेल्या असतात. या पाण्यात कोणते क्षार आहेत, ते ऋतूप्रमाणे कसे बदलतात, स्वस्तात ते कसे काढता येतील, हे तिचे प्रश्न आहेत. तिने पाच विहिरींचे पाणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून वहीत नोंदले असेल, तर ती वही हाच तिचा सर्वांत मोठा आधार होय. जर्मनीतील प्राध्यापकाने खारपाणपट्ट्याचे नाव ऐकलेले नसेल, पण क्षारयुक्त पाण्याचा प्रश्न तो जाणतो. असा नेमका प्रश्न मांडणारा अर्ज गर्दीत हरवत नाही.

तिसरे अंग पुराव्याचे. जे लिहाल ते सिद्ध करता आले पाहिजे. एका पानाचा, फार तर दोन पानांचा परिचय. विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रिकांची प्रत. केलेल्या प्रकल्पाचा लहानसा अहवाल. पारपत्र, गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव व जन्मतारीख एकसारखी असावी. दीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली, कित्येकांनी मुलांची नावेही नवी ठेवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु बदल राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागदांवर उतरविला नाही, तर ऐन वेळी व्हिसाच्या खिडकीवर तोच बदल आडवा येतो. हे काम अर्जाच्या आधी एक वर्ष उरकावे.

पुराव्याबरोबर सत्याचा प्रश्न येतो. दुसऱ्याचा अर्ज उतरविणे, न केलेले प्रयोग केले म्हणून लिहिणे, अथवा अलीकडे निघालेल्या यंत्राकडून सारा मजकूर लिहवून घेऊन तो स्वतःचा म्हणून पाठविणे, हे प्रकार वाढले आहेत. पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे आहे. ते आपण विहारात दर आठवड्यास म्हणतो. अर्जाच्या कागदावर ते मोडावयाचे काय? व्यवहाराच्या दृष्टीनेही हे घातक आहे, कारण मुलाखतीत दोन प्रश्न विचारताच उसने ज्ञान उघडे पडते. साध्या, थोड्याशा सदोष पण स्वतःच्या इंग्रजीत लिहिलेले पत्र अधिक विश्वासार्ह ठरते. चूक दुरुस्त करावयास शिक्षकाचे साहाय्य अवश्य घ्यावे; विचार मात्र स्वतःचा असावा.

चौथे अंग साक्षीदारांचे, म्हणजे शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांचे. येथे आपल्या मुलांचे सर्वांत अधिक नुकसान होते. ज्यांच्या घरी शिकण्याची परंपरा आहे, त्यांची मुले प्राध्यापकांच्या घरी जातात-येतात. आपली मुले मागच्या बाकावर बसून, प्रश्न न विचारता, तीन वर्षे काढतात. मग शिफारस मागावयास गेल्यावर शिक्षकास त्यांचे नावही आठवत नाही. नुसत्या चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र येथे निरुपयोगी आहे. या विद्यार्थ्याने माझ्यापाशी अमुक काम केले, अमुक अडचण अशी सोडविली, असे सांगणारा साक्षीदार पाहिजे. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी बाबासाहेबांसाठी लंडनच्या प्राध्यापकांना पत्रे दिली, कारण त्यांनी त्यांचे काम पाहिले होते. तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनच एका-दोन शिक्षकांपाशी जाऊन काम मागावे. आणि शिक्षकांपैकी जे आपले बौद्ध बांधव आहेत, त्यांना माझे सांगणे आहे की, वेळेवर, खरे व तपशीलवार शिफारसपत्र लिहिणे हे धम्मदानाइतकेच श्रेष्ठ दान आहे.

पाचवे अंग मागणीचे. प्राध्यापकास लिहिलेले पहिले पत्र एका पानाहून मोठे असू नये. त्यास नावाने संबोधावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. त्याचा एखादा निबंध वाचून त्यातील कोणता भाग आपल्या प्रश्नाशी जुळतो ते दोन वाक्यांत लिहावे, आपणास कोणती कामे येतात ते सांगावे, आणि अमुक महिन्यांपासून अमुक महिन्यांपर्यंत आपणापाशी काम करावयाचे आहे, असे स्पष्ट मागावे. गरिबी लपवू नये. पण जेथे आर्थिक साहाय्याचा रकाना आहे तेथेच, आकड्यांनिशी ती मांडावी. गरिबी ही वस्तुस्थिती आहे, गुणवत्ता नव्हे आणि कलंकही नव्हे. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी नम्र स्मरणपत्र पाठवावे. नकार आल्यास आभार मानावेत व पुढील नाव घ्यावे.

सहावे अंग मुदतीचे. खरा दावादेखील मुदतीनंतर आला तर बुडतो. येत्या उन्हाळ्यातील जागांचे बरेचसे अर्ज आदल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत भरावे लागतात. येथे आपणास एक नैसर्गिक पंचांग उपलब्ध आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास चालतो, ग्रंथवाचन होते. त्याच तीन महिन्यांत विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात योजना व प्राध्यापक निवडावेत, दुसऱ्यात प्रश्न व परिचय लिहावा, तिसऱ्यात शिफारसपत्रे व कागद पुरे करावेत, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास अर्ज तयार असेल. सातव्या शतकात नालंदा महाविहारात आलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग लिहून गेला आहे की, तेथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यास द्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि बहुतेकांना परत जावे लागे. त्या द्वारावर कुळ विचारले जात नव्हते; तयारी पाहिली जात होती. परदेशी प्रयोगशाळेचे दारही तसेच समजावे.

आता पैशाच्या प्रश्नाकडे येऊ. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या मुख्यतः पूर्ण वेळच्या पदव्युत्तर पदवीसाठी व पीएच. डी.साठी आहेत, दोन-तीन महिन्यांच्या उमेदवारीस त्या लागू नाहीत. उमेदवारीचा खर्च ती देणाऱ्या संस्थेनेच करावा अशाच योजना निवडाव्यात, आणि जो मध्यस्थ जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागेल त्याच्या दारात उभे राहू नये. तथापि ही उमेदवारी पुढील पदवीची तयारी असल्याने त्या शिष्यवृत्त्यांचे नियमही आताच माहीत असावेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. कोरकू व अन्य आदिवासी बांधवांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची स्वतंत्र परदेश शिष्यवृत्ती असून तिच्या जागा वर्षास अवघ्या वीस आहेत. धारणीतील आपल्या मंडळींनी ही माहिती शेजारच्या कोरकू घरांपर्यंतही पोहोचवावी.

या शिष्यवृत्त्यांसाठी जातीचा दाखला व त्याची वैधता लागते, आणि येथे नवदीक्षितांच्या मनात गोंधळ असतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने बौद्धांना वगळले होते. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली आदेशात दुरुस्ती केल्यावरच त्या दिल्या. म्हणजे धर्मांतराची किंमत आपल्या एका पिढीने चौतीस वर्षे मोजली. आजची स्थिती अशी की, केंद्रीय अर्जात जातीच्या रकान्यात अनुसूचीतील जातीचे नाव व धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे लिहावे लागते. यात दीक्षेचा भंग होतो असे मानण्याचे कारण नाही. तो दाखला आपली श्रद्धा सांगत नाही. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती कायदेशीर नोंद आहे. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ नुसार वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. वऱ्हाडात आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा व गावच्या कोतवाल बुकाची नक्कल यांतून ते मिळतात. ते जीर्ण होत आहेत. आजच काढून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. २०२२-२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्राने असा नियम घातला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतीय समाजाचा अभ्यास या विषयांवरील संशोधनास राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळणार नाही. असा नियम बडोद्याने १९१३ साली केला असता, तर बाबासाहेबांचा प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंध आणि जातींवरील निबंध त्या शिष्यवृत्तीवर लिहिला गेला असता काय? ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला, त्याच्या मुलांना स्वतःचा इतिहास परदेशी विद्यापीठात तपासण्यास साहाय्य नाकारणे हे न्याय्य नाही. या नियमाविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठविणे आपले कर्तव्य आहे. दरम्यान, प्रत्येक वर्षीचा नियम वाचूनच विद्यार्थ्याने विषय ठरवावा.

काही आक्षेपांचा विचार करणे उचित होईल. पहिला आक्षेप, "आधी सरकारी नोकरी लागू द्या." स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा मी अनादर करीत नाही. परंतु एकाच दारावर सारा समाज उभा राहिला तर बहुतेकांना बाहेरच थांबावे लागते. अमरावती जिल्ह्यातील महिमापूर या खेड्यात जन्मलेले डॉ. सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, अर्थशास्त्राचे संशोधक झाले, आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. संशोधनाची वाटही समाजास कोठवर नेते, याचे हे आपल्याच मातीतील उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप मुलीच्या सुरक्षिततेचा. आईची काळजी खरी आहे, आणि तिला दटावून गप्प करणे योग्य नव्हे. तिला यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र वाचून दाखवावे, वसतिगृहाचा पत्ता, विमा, तेथील भारतीय वकिलातीचा क्रमांक यांची माहिती द्यावी. पण एकदा ही माहिती मिळाल्यावर, मुलास परवानगी आणि मुलीस नकार, असा भेद धम्माच्या घरात राहू नये. बाबासाहेब लंडनमध्ये असताना घर चालविण्याचा सारा भार माता रमाईने सोसला. त्या त्यागाचे स्मरण आपण करतो. मग तिच्या लेकींना दारातच अडविणे हे त्या स्मरणाशी सुसंगत आहे काय?

तिसरा आक्षेप, "गेलेला परत येत नाही." काही येत नाहीत हे खरे. परंतु न आलेल्याने देखील मागच्या पाच जणांचे अर्ज वाचून दिले, तर त्याचे ऋण फिटू लागते. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी यवतमाळ येथे २०१७ साली 'एकलव्य' ही संस्था उभी केली, आणि पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना उच्चशिक्षणाचे अर्ज करण्यास साहाय्य करणे हे काम हाती घेतले. स्वतः केंद्रे पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. विदर्भातील खेड्यांतील मुलांसाठी हे काम होऊ शकते हे त्यांनी दाखविले आहे. प्रश्न इतकाच की, आपले विहार हे काम का करीत नाहीत?

मोठ्या घरातील मुलास अर्जाच्या वेळी तीन गोष्टी आपोआप मिळतात: अर्ज वाचून चुका दाखविणारा काका, शिफारस करणारा ओळखीचा प्राध्यापक, आणि सुरुवातीचा खर्च. संस्था भत्ता देते तो पोहोचल्यावर. त्यापूर्वी पारपत्राचे दीड हजार रुपये, गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रतींचे शुल्क, व्हिसा, नागपूर-मुंबईचे हेलपाटे, आणि कोठे इंग्रजीची परीक्षा मागितली तर तिचे पंधरा हजारांहून अधिक रुपये, हे सारे खिशातून जाते. मजुराच्या घरचा अर्ज गुणवत्तेअभावी पडत नाही. तो या खर्चापाशी थांबतो. चौदा एप्रिलला आपण मिरवणूक काढतो व ती काढलीच पाहिजे. पण एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातून एका विद्यार्थ्याचा हा सारा प्राथमिक खर्च निघतो, हे मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हिशेबाची वही उघडून स्वतःच पाहावे.

माझी सूचना साधी आहे. धारणी, परतवाडा, दर्यापूर, अकोट, अकोला, अमरावती, जेथे जेथे आपले विहार आहेत, तेथील समित्यांनी येत्या वर्षावासात तीन कामे करावीत. एक, गावातील पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. दोन, आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जवाचनाची ठेवावी. तेथे शिक्षक, वकील, अभियंता, जो कोणी असेल त्याने बसून विद्यार्थ्याचे पत्र ओळीओळीने तपासावे. तीन, जयंतीच्या वर्गणीतून ठरावीक हिस्सा बाजूस काढून विद्यार्थी-निधी उभारावा व त्याचा जमाखर्च दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहाराच्या भिंतीवर लावावा. निधी घेणाऱ्याने परत आल्यावर दोन नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज तयार करून द्यावेत, एवढीच अट असावी. हा करारच आहे, आणि करार पाळणारा मनुष्य कोणाचा मिंधा नसतो.

पहिल्या वर्षी नकार येतील, पुष्कळ येतील. नकाराचे पत्रही फाईलीत लावून ठेवावे, कारण पुढील वर्षाच्या अर्जास त्याचा उपयोग होतो. ज्या समाजास गावच्या विहिरीवर व शाळेच्या उंबरठ्यावर नकार पचवावे लागले, त्याने प्रयोगशाळेच्या एका नकाराने खचून जाण्याचे कारण नाही. धारणीच्या मुलीने ताठ मानेने लिहावे: माझा प्रश्न हा आहे, माझा पुरावा हा आहे, आणि आपणापाशी काम करण्याची माझी पात्रता ही आहे. तिच्या त्या कागदामागे तिचे विहार व तिचा समाज उभा आहे, एवढे आपण करून दाखवू या.

जयभीम.